दोन फाशांची ३६ घरं मोजणारा जुगारी डॉक्टर

लुडोच्या ॲपवर आपली सोंगटी घरात अडकून पडलेली असते, समोरच्याला मात्र सहावर सहा पडत असतात. अशा वेळी मनात एकच विचार येतो, हे ॲप फसवतंय! मीही हे कितीदा बोललोय, आणि मी तर सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो. पण 'फसवतंय' म्हणताना आपण एक गोष्ट नकळत धरून चाललेलो असतो. खरा फासा असा वागत नाही, त्याच्या सहाही बाजूंना सारखीच संधी असते.

दहावीच्या बीजगणितात यालाच 'समसंभाव्य निष्पत्ती' म्हणतात. आपण सगळ्यांनी ती गणितं सोडवली. हव्या असलेल्या शक्यता वर, एकूण शक्यता खाली, भागाकार करा, दोन मार्क घ्या. त्या 'सम' शब्दाकडे मात्र फारसं कुणी बघितलं नाही. मी तरी नव्हतं बघितलं. कॉलेजला प्लेसमेंटच्या वेळी एका मुलाखतीत मला विचारलं, दोन फासे टाकले तर बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती? बेरीज २ ते १२, म्हणजे ११ शक्यता, म्हणून ११ पैकी १, असं मी ठोकून दिलं. समोरचे सर हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ती नोकरी मला मिळाली नाही, आणि बरोबरच होतं ते.

ज्या माणसाने हा घोटाळा साडेचारशे वर्षांपूर्वी सोडवला, तो गणिताचा प्राध्यापक म्हणून नाही तर डॉक्टर म्हणून प्रसिद्ध होता. आणि जुगारी म्हणून बदनाम. नाव जेरोलामो कार्डानो. संभाव्यतेवरचं सगळ्यात जुनं पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते याचं.

नको असलेलं पोर

कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ चा, इटलीतल्या पाव्हिया गावातला. वडील फाझिओ मिलानमध्ये वकील होते, पण डोकं गणितात. लिओनार्दो दा विंचीसुद्धा भूमितीतल्या शंका घेऊन त्यांच्याकडे यायचा. आई-वडिलांचं लग्न मात्र झालेलं नव्हतं. आईला हे मूल नको होतं, गर्भ पडावा म्हणून तिने औषधंही घेतली होती, हे कार्डानोने म्हातारपणी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याच्याआधीची तीन भावंडं मिलानच्या प्लेगमध्ये गेली. हा जगला.

लग्नाबाहेर जन्मलेला असणं ही त्या काळी नुसती टोमणे खाण्यापुरती गोष्ट नव्हती. पाव्हिया आणि पाडुआला शिकून पंचविशीच्या आसपास तो डॉक्टर झाला, पण मिलानच्या डॉक्टरांच्या संघाने त्याला घेतलं नाही, कारण त्याच्या जन्माचं निमित्त. संघाचा सभासद नसेल तर शहरात उघडपणे प्रॅक्टिस करता येत नसे. ही बंदी उठायला १५३९ साल उजाडलं.

पैशाचं काय? वडील वारले तेव्हा थोडंफार मिळालं होतं, ते उडालं. मग फासे, पत्ते आणि बुद्धिबळ (त्या काळी बुद्धिबळही पैसे लावून खेळायचे). त्याला दिसलं की आपण बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा जिंकतोय, आणि तिथेच तो अडकला. फासे त्याने साधारण २५ वर्षं खेळले, बुद्धिबळ ४० वर्षं. रोज खेळायचो, याची लाज वाटते, असं तो स्वतःच कबूल करतो.

व्हेनिसची रात्र

तरुणपणी व्हेनिसमध्ये तो एका बड्या माणसाच्या घरी पत्ते खेळायला बसला आणि हरत गेला. मग त्याच्या लक्षात आलं की पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत. त्याने खंजीर काढून यजमानाच्या तोंडावर वार केला, हरलेले पैसे उचलले आणि पळाला. अंधारात पळता पळता शस्त्रांसकट कालव्यात पडला. एका होडीने त्याला वर ओढलं. होडीत कोण बसलेलं? तोच यजमान, तोंडाला पट्टी बांधून. त्याने भांडण न काढता कार्डानोला खलाशाचे कोरडे कपडे दिले आणि दोघं मिळून पाडुआला गेले.

हा किस्सा आपल्याला फक्त कार्डानोच्याच तोंडून माहीत आहे, त्यामुळे मीठमसाला किती ते तुम्हीच ठरवा. पण खुणा केलेले पत्ते ही काही मसाल्याची गोष्ट नाही. नंतर त्याने जुगारावर पुस्तक लिहिलं त्यात फसवाफसवीचे प्रकार एकामागून एक दिलेत. पत्ते हाताला सरकावेत म्हणून त्यांना लावलेला साबण, समोरच्याचे पत्ते दिसावेत म्हणून अंगठीत बसवलेला आरसा, एका बाजूला जड केलेले फासे.

१५३१ च्या शेवटी त्याचं लग्न झालं, लुचिया बांदारीनी हिच्याशी. गालाराते नावाच्या गावात बिऱ्हाड केलं, पण पेशंट येईनात. जुगारात घरातलं सामान गेलं, बायकोचे दागिने गेले. १५३४ मध्ये थोरला मुलगा जाम्बात्तिस्ता जन्मला तेव्हा घरात काही उरलं नव्हतं. शेवटी नवरा-बायको आणि तान्हं पोर असे तिघं मिलानच्या गरीबखान्यात राहायला गेले. संभाव्यतेचा हिशोब जाणणारा माणूस जुगारात हमखास जिंकतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. वडील जिथे गणित शिकवायचे तिथेच त्याला शिकवायची नोकरी मिळाली, डॉक्टर म्हणून नाव झालं, आणि १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' हे बीजगणिताचं पुस्तक छापून आलं. घन समीकरणं सोडवण्याची रीत त्यात होती. ती रीत तार्ताग्लिया नावाच्या गणितज्ञाने त्याला गुप्त ठेवण्याच्या शपथेवर सांगितली होती, आणि पुस्तकात श्रेय दिलं तरी मोठं भांडण पेटलं. ती एक वेगळीच मालिका आहे, इथे नको. १५५२ मध्ये तो थेट स्कॉटलंडला गेला. तिथल्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला दमा होता. कार्डानोने त्याच्या बिछान्यातली पिसं काढायला लावली, खाणंपिणं आणि झोप बदलली, आणि माणसाला खरंच आराम पडला. तोवर युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या डॉक्टरांमध्ये तो गणला जात होता.

फाशांचं पुस्तक

'लिबेर दे लुदो आलेए', म्हणजे फाशांच्या खेळांचं पुस्तक. छोटी छोटी ३२ प्रकरणं. काही भाग तरुणपणीच्या टिपणांतला असावा, आणि १५६० च्या दशकात त्याने त्यावर पुन्हा हात फिरवला. वाचताना हे कुणी नीट संपादन केलेलं पुस्तक वाटत नाही, एखाद्या डेव्हलपरच्या नोट्सच्या फाइलसारखं वाटतं. आधी एक लिहिलंय, मग पुढे ते चूक होतं असं लिहिलंय, आणि आधीचं खोडलेलंही नाही.

त्यातली मुख्य कल्पना अशी. एका फाशाच्या सहा बाजू, म्हणजे एक पूर्ण फेरा ६ चा. दोन फाशांचा फेरा ३६ चा, तीन फाशांचा २१६ चा. आपल्याला जे हवं ते या फेऱ्यात किती ठिकाणी आहे ते मोजायचं, आणि पूर्ण फेऱ्याशी त्याचं प्रमाण काढायचं. पैजही त्याच प्रमाणात लावायची. बस. दहावीचं सूत्र ते हेच.

आता माझी मुलाखतीतली चूक बघा. दोन फाशांपैकी एक लाल आणि एक निळा आहे असं समजा. लालवर १ आणि निळ्यावर ६ हे एक घर. लालवर ६ आणि निळ्यावर १ हे वेगळं घर. कागदावर ६ ओळी आणि ६ रकाने आखले की ३६ घरं दिसतात. बेरीज ७ यातल्या ६ घरांत येते, बेरीज २ फक्त एका घरात. म्हणजे ७ ची संभाव्यता ३६ पैकी ६ आणि २ ची ३६ पैकी १. मी ज्या ११ बेरजा मोजल्या त्या ११ शक्यता होत्या हे खरं, पण त्या सारख्या नव्हत्या. सूत्र बरोबर होतं, मोजायला घेतलेले तुकडे लहान-मोठे होते.

कार्डानो तुकडे बरोबर मोजतो. दोन फाशांत निदान एकावर १ पडेल अशी घरं ११. बरेच जण १२ म्हणतात, कारण दोन्हीवर १ असलेलं घर ते दोनदा मोजतात. निदान एकावर १ किंवा २ हवा असेल तर त्यात ९ घरं वाढतात, म्हणजे २०. १, २ किंवा ३ चालत असेल तर आणखी ७, म्हणजे २७. ११, ९, ७ अशी दरवेळी दोनने कमी होत जाणारी भर आहे ती. वहीत चौकोन आखून बघा, का ते लगेच दिसेल.

पण हा मनुष्य आधी जोरात आपटलाय. सुरुवातीला त्याने असं मांडलं की फेरा ६ चा आहे, त्याचा निम्मा ३, म्हणून एक फासा तीनदा टाकला की ठरलेला आकडा पडण्याची आणि न पडण्याची संधी निम्मी-निम्मी. ऐकायला बरोबर वाटतं. पण याच हिशोबाने सहा वेळा टाकल्यावर आकडा पडलाच पाहिजे, आणि लुडो खेळणाऱ्या लहान पोरालाही माहीत आहे की तसं होत नाही. नीट मोजू. तीनदा टाकण्याची एकूण घरं २१६. एकदाही ६ न पडणारी घरं ५ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे १२५. उरली ९१. ते अर्ध्यापेक्षा कमी आहेत, १०० पैकी साधारण ४२. निम्म्याच्या वर जायला चार वेळा फासा टाकावा लागतो.

पुढच्या प्रकरणांत त्याला आपली चूक दिसते आणि तो हळूहळू गुणाकाराच्या नियमापर्यंत पोचतो. एकदा सम आकडा पडण्याची संधी २ पैकी १, तर लागोपाठ तीनदा सम पडण्याची ८ पैकी १. हेच लुडोत लागोपाठ तीन सहांना लावलं तर २१६ पैकी १. आणि दहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडणं? १०० पैकी साधारण १६ वेळा तसं होणारच. म्हणजे एका ग्रुपमध्ये सहा जण खेळायला बसले तर सुरुवातीच्या दहा फेऱ्यांत कुणीतरी एकजण अडकून बसून ॲपला शिव्या घालत असणं अगदी नॉर्मल आहे.

जड फासा आणि माझा कोड

मला या पुस्तकातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आकडेमोड नाही. सगळ्या हिशोबाच्या आधी कार्डानो एक अट घालतो, आणि ती अट म्हणजे समानता. समोरचा खेळाडू आपल्या तोलाचा हवा, पैसा सारखा हवा, बघायला उभे असलेले लोक एका बाजूचे नकोत, फासे हलवायचा डबा सारखा हवा, आणि फासाही सारखा हवा. यातलं काही समोरच्याच्या बाजूने झुकलेलं असेल आणि तरी तुम्ही खेळत असाल तर तुम्ही मूर्ख, तुमच्या बाजूने झुकलेलं असेल तर तुम्ही लबाड. खुणा केलेल्या पत्त्यांनी लुटला गेलेला माणूसच असं लिहू शकतो. सहाही बाजू सारख्या आहेत हे त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातलं वाक्य नव्हतं. ते दरवेळी तपासायचं होतं, फासा हातात घेऊन.

जुन्या काळी युरोपात जनावरांच्या घोट्याची हाडं फाशासारखी टाकायचे. ते हाड चार बाजूंवर पडू शकतं, पण बाजू सारख्या नसतात, काहींवर ते कितीतरी जास्त वेळा पडतं. तिथे चार शक्यता म्हणून चार पैकी एक, असं म्हणता येत नाही. कार्डानोच्या पद्धतीला घडवलेला, चौरस, समतोल फासा लागतो.

फोनमधला फासाही घडवावाच लागतो. समजा फोनने आपल्याला ० ते २५५ यातला एक यादृच्छिक आकडा दिला, आणि हे २५६ आकडे खरोखर समसंभाव्य आहेत. त्यावरून फासा बनवायचा तर नवखा प्रोग्रामर काय करतो? आकड्याला ६ ने भागतो, बाकी घेतो, त्यात १ मिळवतो. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. आता मोजा. २५६ ला ६ ने भागलं तर ४२ वेळा भाग जातो आणि ४ उरतात. म्हणजे १ ते ४ या बाजूंना प्रत्येकी ४३ आकडे मिळाले, ५ आणि ६ ला प्रत्येकी ४२. फासा जड झाला! फरक बारीक आहे, पण सहा कमी पडतोय हे सत्य आहे. यावर उपाय साधा. २५२ ते २५५ यातला आकडा आला तर तो फेकून द्यायचा आणि नवीन मागायचा. उरलेले २५२ आकडे सहा बाजूंना बरोबर ४२-४२ वाटले जातात. लुडोत फार बिघडणार नाही, पण पासवर्ड किंवा गुप्त किल्ली बनवणाऱ्या कोडमध्ये असा झुकाव राहिला तर फोडणाऱ्याचं काम सोपं होतं.

नशीब

एवढं मोजणारा माणूस नशिबावर विश्वास ठेवत नसेल असं वाटतं ना? ठेवायचा, आणि भरपूर. फासे हिशोबाप्रमाणे पडले नाहीत की मधे नशीब आलं असं तो त्याच पुस्तकात लिहितो. स्वप्नं, शकुन, पाठीराखा आत्मा, सगळं होतं. पत्रिकाही करायचा. स्कॉटलंडहून परतताना लंडनमध्ये त्याने इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याची पत्रिका मांडली आणि राजा पन्नाशी ओलांडेल असं सांगितलं. राजा पुढच्याच वर्षी, १५५३ मध्ये, पंधराव्या वर्षी वारला. कार्डानोने त्यावर पुन्हा बसून आपला हिशोब कुठे चुकला ते लिहून काढलं, पण पत्रिका करणं काही सोडलं नाही. आपण त्याला हसायच्या आधी, फोनवर फासा टाकण्यापूर्वी स्क्रीनला फुंकर मारणारे किती जण आहेत ते मोजावं लागेल.

थोरला मुलगा जाम्बात्तिस्ता हा त्याचा लाडका. तोही डॉक्टर झाला. त्याने घरी न सांगता ब्रांदोनिया दी सेरोनी हिच्याशी लग्न केलं. संसार वाईट चालला, मुलं आपली नाहीत असं ती त्याला तोंडावर म्हणायची. त्याने तिला विष घालून मारलं. खटला चालला तेव्हा बापाने पैसा, ओळख, वकिली सगळं पणाला लावलं. मुलीच्या घरच्यांनी भरपाई म्हणून मागितलेली रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची होती. एप्रिल १५६० मध्ये पंचविशीतल्या मुलाचं डोकं उडवलं गेलं. कार्डानोला मिलानमध्ये तोंड दाखवणं नकोसं झालं. १५६२ मध्ये तो बोलोन्याला शिकवायला गेला. धाकटा मुलगा आल्दो जुगारी निघाला आणि बापाच्याच घरात चोरी करू लागला, तेव्हा बापाने तक्रार करून त्याला शहराबाहेर घालवलं. आल्दोला फासे कुणी शिकवले असतील, हा प्रश्न विचारायची गरज नाही. आणि फाशांच्या पुस्तकावर कार्डानो पुन्हा बसला तो याच वर्षांत. या खेळात सगळ्यात मोठा फायदा मुळात न खेळण्यात आहे, हा त्यातला सल्ला मला या पार्श्वभूमीवर वेगळा ऐकू येतो.

१५७० मध्ये चर्चच्या धर्मन्यायालयाने त्याला पकडलं. येशूची पत्रिका मांडून छापली होती, त्याचाही त्यात वाटा होता असं मानतात. काही महिने तुरुंग, मग शिकवायला आणि छापायला बंदी. तो रोमला गेला. तिथे पोपकडूनच त्याला निवृत्तिवेतन मिळालं, नशीब म्हणा हवं तर. शेवटच्या वर्षात त्याने आत्मचरित्र लिहिलं, ज्यात आजार, शत्रू, कपडे, जुगार, मुलाचा मृत्यू, सगळं उघडं मांडलंय. सप्टेंबर १५७६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, तो रोममध्ये वारला.

फाशांचं पुस्तक तेव्हा हस्तलिखितातच होतं. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एका जुगाराच्या कोड्यावरून एकमेकांना पत्रं लिहिली, आणि संभाव्यतेचं शास्त्र तिथून सुरू झालं असं बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं. १६५७ मध्ये हायगेन्सचं त्यावरचं पुस्तकही छापून आलं. कार्डानोचं समग्र लेखन लियॉनमध्ये दहा जाड खंडांत निघालं ते १६६३ साली, आणि फाशांचं पुस्तक त्यातल्या पहिल्या खंडात होतं. तोवर त्यातली ३६ घरं दुसऱ्यांनी पुन्हा मोजून झाली होती.